अकरा दिवस उघडी राहिलेली यादी

तुंगशी गावात आ-वानला सगळे "देवीची कॉम्प्युटरवाली" म्हणत. चेष्टेनं नव्हे, ओळख म्हणून. जसं एखाद्याला बर्फवाला म्हणावं, जाळीवाला म्हणावं तसं. वय एकेचाळीस, कानामागे पेन्सिल, पायात बाराही महिने रबरी चपला. तैपेईत नऊ वर्षं एका बँकेच्या प्रोग्रामांवर डोळे फोडून झाले, मग आई आजारी पडली म्हणून ती गावी आली. आई गेली आणि ही राहिली ती राहिलीच. मोटरसायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या माडीत च्येन तौकेचं ऑफिस होतं. तौके म्हणजे मालक. ऑफिसात माणसं दोन. तौके देवळोदेवळी फिरून गिऱ्हाईक आणायचा, आणि आ-वान बाकी सगळं करायची.

बाकी सगळं म्हणजे दिव्यांचा प्रोग्राम. नवं वर्ष तोंडावर आलं की त्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक देवळात लोक स्वतःच्या नावाचा दिवा लावून घेतात. भिंतभर बोटाएवढे दिवे, प्रत्येकाखाली नावाची पट्टी, वर्षभर तेवत राहायचे. दिवा घेताना पूर्ण नाव, जन्मतिथी, जन्माची घटका आणि राहता पत्ता द्यावा लागतो. पत्ता अशासाठी की देवीला घर सापडायला हवं; गावात एकेका नावाच्या तीन-तीन बाया, आशीर्वाद भलत्याच दारात जाऊन पडायचा. ही नावनिशी पूर्वी वह्यांत असे, आता ती आ-वानच्या प्रोग्रामात होती. नऊ देवळांत तो चाले. त्यातलं मासळीबाजारामागचं माझूचं, म्हणजे समुद्राच्या देवीचं, देऊळ तिच्या स्वतःच्या गावचं. तिच्या आईचा दिवा तिथेच असायचा, वरून चौथ्या ओळीत.

तर त्या वर्षी, हिवाळा सुरू होता होता, ऑफिसातला जुना कॉम्प्युटर मेला.

कोपऱ्यात टेबलाखाली तो काळा डबा असे, सगळा कोड पोटात घेऊन. त्याच्या डोक्यावर हिरव्या पाकिटातले मक्याचे कुरकुरीत फुगे ठेवलेले. हिरवंच पाकीट हवं. त्यावर लिहिलेलंच असतं की शहाण्यासारखं वाग, आणि यंत्रं ते ऐकतात; इस्पितळात, स्टेशनावर, सगळीकडे ऐकतात. पिवळं ठेवलं तर मात्र बिघडतात. आणि पाकिटावरची तारीख उलटू द्यायची नाही.

"उलटून चार महिने झाले," आ-वान पाकीट फिरवून बघत म्हणाली.

"मग बघायची कोणी?" तौकेनं विचारलं.

"पाकीट तुम्ही आणलेलं, तौके."

"आणायचं काम माझं, बघायचं काम तुझं. वाटणी ठरलेली आहे आपली. गेलाच का तो?"

"गेला."

"आणि प्रोग्राम?"

"गेल्या शुक्रवारचा माझ्या पेन ड्राइव्हवर आहे. या वेळी वाचलो. पण कोड आता बाहेर कुठेतरी ठेवायला हवा. इंटरनेटवर कोठारं असतात त्यासाठी. आपण ठेवायचं, आपणच काढायचं, बाकी जगाला दार बंद."

"फुकट?"

"काही काही आहेत फुकट."

"मग फुकटातलं बघ. आणि दार बंद होणारं बघ. दोन्ही."

दोन दिवस आ-वान तेच करत बसली. वहीत रकाने आखले आणि एकेक कोठार उतरवत गेली. एका ठिकाणी जागा हवी तेवढी फुकट, पण सगळं चव्हाट्यावर; दार लावायचं तर महिन्याला पैसे. दुसरं तीन महिने गोड बोलणार आणि चौथ्या महिन्यात कार्ड मागणार. तिसरं फक्त विद्यार्थ्यांना. चौथ्याच्या पानावरची शेवटची बातमीच दोन वर्षांपूर्वीची, म्हणजे ते स्वतःच कधी झोपेल सांगता येत नव्हतं. शेवटी एक सापडलं: दार बंद, पैसे नाहीत, आत माणसं तीनपर्यंत. दोन माणसांच्या ऑफिसाला तीन जागा म्हणजे चैन! तिला इतका आनंद झाला की ती खाली जाऊन दुकानातल्या मेकॅनिकलाही सांगून आली. त्याला काही कळलं नाही, पण त्यानं "वा" म्हटलं.

तिसरी जागा तौकेच्या बायकोनं घेतली. "फुकट आहे ना? मग माझंही नाव घाल." त्या बाईनं जन्मात एकदाही ते कोठार उघडून पाहिलं नाही. तौकेनंही नाही. पण नावं होती.

आता यात एक गोष्ट अशी, की जी आ-वानला आधीपासून ठाऊक होती आणि जिच्याकडे तिनं काणाडोळा केला होता. कोडच्या बरोबर, प्रोग्राम नीट चालतो का ते बघायला केलेली, तपासणीची एक यादी त्या कोठारात गेली. ती यादी खरी होती.

खरी का होती, त्याचं कारण उंग आ-पेह. आ-पेह म्हणजे थोरले काका, गावाचे सगळ्यांचेच. वय शहात्तर, देवळाच्या खिडकीवर बसून दिव्यांची नोंदणी करणारे, चष्मा मासेमारीच्या दोऱ्यानं मानेला बांधलेला. पहिल्या वर्षी आ-वाननं पट्ट्या छापून बघायला 'चाचणी एक', 'चाचणी दोन' अशी नावं घातली होती, तेव्हा आ-पेह ते कागद हातात घेऊन खिडकीमागून उठून बाहेर आले होते.

"हे कोण?"

"कोणी नाही, आ-पेह. खोटी नावं आहेत. छपाई बघायला."

"देवीच्या दारात उभं राहून खोटी नावं? अगं, ही यादी तिच्या पुढ्यात वाचली जाते. ती बिचारी वर्षभर या चाचणी एकचं घर शोधत फिरेल!"

"ही वाचायची नाहीच आहे—"

"तिला काय माहीत कुठली वाचायची आणि कुठली नाही? खरी माणसं घाल. माणसांची काय कमी आहे गावात?"

बँकेत असती तर खऱ्या गिऱ्हाइकांची नावं तपासणीला वापरल्याबद्दल तिला दुपारपर्यंत घरी पाठवलं असतं. हे तिला माहीत होतं. पण आ-पेहांनी तिला लहानपणी खांद्यावर बसवून पालखी दाखवली होती. ती म्हणाली, "बरं, आ-पेह." आणि तीनशे बारा खरी माणसं, जन्मघटकांसकट आणि घरनंबरांसकट, तपासणीच्या फाइलीत जाऊन बसली; पुढे दर हंगामात त्या जागी ताज्या नोंदी येत गेल्या.

शेवटचा रकाना शेऱ्याचा, पट्टीवर न छापायचा, फक्त देवीसाठी. तिथे लोक 'आरोग्य' लिहितात, 'शांती' लिहितात. आ-पेह मात्र खिडकीशी आलेला माणूस जे बोलेल ते दोन बोटांनी टाइप करत बसायचे. आ-वाननं एकदा सुचवून पाहिलं होतं, की दोन शब्द पुरेत. "एक बाई दहा मिनिटं माझ्यापुढे रडली," ते म्हणाले, "आणि मी दोन शब्द लिहू?"

चांद्र वर्षाच्या बाराव्या महिन्याच्या आठव्या तिथीला, ऐन गर्दीत, पट्ट्या छापणारं यंत्र लांब नावांची शेपटं कापायला लागलं. छपाईचा तेवढा भाग काओश्युंगच्या कू बाईंनी बाहेरून करून दिला होता. त्या फोनवर म्हणाल्या, "मला तुमचा आत्ताचा कोड दिसल्याशिवाय काय सांगू? आत घ्या मला."

आत जागा नव्हती. तीन झाल्या होत्या.

तौकेच्या बायकोचं नाव काढता आलं असतं. पण ते काढलं की तिला पत्र जाणार, मग ती विचारणार की माझंच का, मग तौके माडीवर येणार. आ-वाननं घड्याळ पाहिलं. अर्ध्या तासाचा तर प्रश्न. तिनं कोठाराचं दार उघडं करायचं ठरवलं. कू बाईंनी प्रत घेतली की पुन्हा बंद.

त्या कोठारानं तिला विचारलंसुद्धा. 'हे आता सर्वांना दिसेल. नक्की?' नुसतं विचारलं नाही, नक्की असेल तर कोठाराचं नाव स्वतःच्या हातानं लिही म्हणालं. तिनं लिहिलं. एकेक अक्षर. पुढे कितीतरी दिवस तिला सगळ्यात जास्त छळलं ते याच गोष्टीनं: की हात चुकून लागला नव्हता.

कू बाईंनी वीस मिनिटांत प्रत घेतली. तेवढ्यात खालच्या गावच्या देवळाचा फोन आला, तिथे दिवेच लागत नव्हते. टर्कीचा भात टेबलावर तसाच टाकून आ-वान स्कूटरवर बसली. आणि दार उघडं राहिलं ते राहिलंच.

एकोणिसाव्या तिथीला सकाळी तिला कोठाराकडून पत्र आलं. 'अभिनंदन! आपल्या कोठाराची एका सदस्यानं प्रत घेतली आहे.'

सदस्याचं नाव म्हणजे सात अक्षरं आणि चार आकडे. कू बाई नव्हेत; त्यांची प्रत अकरा दिवसांपूर्वीची. आ-वाननं दार लावलं. यादी पुसली, मागच्या नोंदींतूनही खरवडून काढली. मग तशीच बसून राहिली, कारण जे घेऊन गेला त्याच्याकडे ते होतंच. तो कोण, कुठल्या देशातला, माणूस की प्रती गोळा करत फिरणारं एखादं यंत्र, काही कळायला मार्ग नव्हता. त्या नावावर तिनं तीन पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर आलं नाही.

नेमकं काय उघडं पडलं ते तरी बघावं, म्हणून तिनं पेन ड्राइव्हवरची यादी उघडली आणि पहिल्यांदाच शेऱ्याचा रकाना वाचला. इतकी वर्षं तिनं त्याची फक्त लांबी पाहिली होती: ऐंशीपेक्षा जास्त अक्षरं आली तर रकाना मोडतो, एवढंच.

'जावयाला दारू सुटावी, सुटत नसेल तर मुलगी तरी सुटावी.' हे तिच्या शाळेतल्या बाईंचं होतं. 'छातीत गाठ आहे, घरी सांगितलेलं नाही.' हे बर्फवाल्याचं. आणि दोनशे सातव्या ओळीत, पान युए-थाओ, बाई, वय अठ्ठावन्न, बंदरामागची गल्ली, घरनंबरासकट: 'मुलगा जहाजावर नाही, च्याईच्या तुरुंगात आहे. चौथ्या महिन्यात सुटेल. घरी येताना गल्लीत कोणी तोंड फिरवू नये.'

आ-थाओ मावशी. कालवं फोडणारी. जिचा मुलगा आ-खुन दीड वर्ष पेरूच्या समुद्रात माकुळ पकडत होता. सगळ्या गावाला ठाऊक होतं. गेल्या नव्या वर्षाला तिनं शेजारच्यांना सुकवलेली माकुळ वाटली होती, मुलानं पाठवली म्हणून. आ-वाननंही खाल्ली होती. "पेरूची माकुळ जाड असते नाही?" असंही म्हणाली होती.

तिनं कॉम्प्युटर बंद केला, आणि त्या बंद पडद्यात तिला तिचंच तोंड दिसलं.

तौके दुपारी आला. तिनं सगळं सांगितलं. तो आधी खुर्चीत बसला, मग उठला, मग पुन्हा बसला.

"आता बंद आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर! कोण वाचतंय? परदेशातल्या कुठल्यातरी कॉम्प्युटरनं उचललं असेल, त्याला आपलं एक अक्षर कळत नसेल."

"कळतही असेल. तौके, लोकांना सांगायला हवं."

"नऊ देवळं आहेत आपली, आ-वान. उद्या सांगितलंस तर परवा शून्य. आणि सांगून काय होणार? ज्याला माहीत नाही त्याला कळेल की त्याची फजिती झाली. आत्ता बिचारे सुखात आहेत."

हे शेवटचं तिला पटलं. त्याचीच तिला भीती वाटली. इतकं चटकन पटायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती देवळात गेली. उदबत्ती लावली, कौलाचे दोन लाकडी तुकडे उचलले. चंद्रकोरीसारखे, एक बाजू सपाट, एक फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर पडला तर देवी हो म्हणते. दोन्ही फुगीर, तर नाही. दोन्ही सपाट पडले तर देवी हसते.

तिनं नाव सांगितलं, पत्ता सांगितला आणि विचारलं: 'आ-थाओ मावशीला नाही सांगितलं तर चालेल ना?'

दोन्ही सपाट.

तिनं पुन्हा विचारलं. 'सांगून तिला त्रासच होईल. तिच्यासाठीच म्हणते. नको ना सांगायला?'

दोन्ही सपाट.

तिसऱ्यांदा एक तुकडा घरंगळत खिडकीपर्यंत गेला आणि आ-पेहांच्या चपलेला लागून थांबला. सपाट. दुसरा इकडे होता, तोही सपाट.

"तीनदा?" आ-पेह चष्मा वर करत म्हणाले. "मी बावीस वर्षं बसतोय इथे, तिला इतकं हसताना पाहिलं नाही. विचारतेयस तरी काय? लग्नाचं?"

"नाही, आ-पेह."

"नाहीतर सांग तिला, मला हवा तसा कौल दे म्हणून. ती कशाला हसते माहितीय? माणूस उत्तर खिशात घालून येतो आणि वर प्रश्न विचारतो."

आ-वान तिथेच, खिडकीच्या खालच्या पायरीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. अर्धा तास, तीन जागा, स्वतःच्या हातानं लिहिलेलं नाव, दोनशे सातवी ओळ. मध्येच एक म्हातारी दिवा घ्यायला आली. आ-पेह तिला म्हणाले, "दुपारी या." खिडकीची फळी त्यांनी खाली ओढली.

मग म्हणाले, "खरी नावं घाल म्हणणारा मी."

"घालणारी मी, आ-पेह. मला माहीत होतं घालायची नसतात."

"आणि शेरा?" त्यांनी आपली दोन बोटं समोर धरून बघितली. "ती माझ्याजवळ बोलली, गं. मीच तुझ्या त्या यंत्रात घातलं. वाटलं, नीट लिहून ठेवलं तर देवी विसरणार नाही. जशी काही ती विसरते!" त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि तो दोऱ्यावर तसाच लोंबत सोडला. "मी येऊ बरोबर?"

"नको. दोघं गेलो तर शेडमधल्या बायकांना कळेल काहीतरी झालंय."

"जा मग. आणि हे बघ, रडू नकोस तिच्यापुढे. तिला तुझी समजूत काढायला लावू नकोस."

बंदरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दहा-बारा बाया बुटक्या स्टुलांवर बसून कालवं फोडत होत्या. मध्ये शिंपल्यांचा ढीग, हातात आखूड सुऱ्या, तोंडं अखंड चालू.

"अगंबाई, देवीची कॉम्प्युटरवाली! काय गं, देवी हँग झाली का?"

"तिला नवरा बघा कोणीतरी, उन्हातान्हात फिरते बिचारी."

"माझा दीर आहे. एक दात नाही, पण स्कूटर नवी आहे."

हसू उसळलं. आ-वानही हसली, आणि ते हसू चेहऱ्यावरून उतरवायचं कसं ते तिला कळेना. "आ-थाओ मावशी, जरा बाहेर येता? दिव्याच्या कागदावर एक सही राहिलीय."

खोटं. अजून एक. आ-थाओ हातमोजे न काढताच उठली. शेडमागे रिकाम्या शिंपल्यांची टेकडी होती, वास नाकात जाणारा. आ-वाननं कागद काढला नाही.

"सही नाहीये," ती म्हणाली. "मावशी, तुमच्या दिव्याची नोंद, शेऱ्यासकट, अकरा दिवस इंटरनेटवर उघडी होती. कुणालाही दिसेल अशी. माझ्या चुकीनं. चूकही नव्हे, मीच उघडली होती आणि बंद करायला विसरले. बंद केलीय आता. पण एकानं प्रत नेलीय. कोण ते माहीत नाही."

आ-थाओच्या हातात सुरी होती. ती तिनं सावकाश शिंपल्यांवर ठेवली.

"गावातला?"

"वाटत नाही. पण छातीठोक सांगता येत नाही."

"आपलं लिहिलेलं त्याला वाचता येतं?"

"ते पण माहीत नाही."

"तुला माहीत तरी काय आहे गं?" हे ती ओरडून म्हणाली नाही. खरंच विचारत असल्यासारखी म्हणाली. पलीकडे बाया हसत होत्या, बहुतेक त्याच दिरावरून. आ-थाओनं तिकडे एकदा पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "तू वाचलंस?"

आ-वानला वाटलं होतं की सगळं सांगून झालंय. हे राहिलं होतं. नाही म्हणता आलं असतं. लांबी बघते, मजकूर बघत नाही, इतकी वर्षं ते खरंच होतं.

"हो. काल. काय गेलंय ते बघायला म्हणून."

"म्हणजे त्या परदेशातल्याचं राहू दे," आ-थाओ म्हणाली. "गावात वाचणारी पहिली तूच."

आ-वानला ती माकुळ आठवली. आ-थाओलाही आठवली असावी, कारण ती म्हणाली, "च्याईच्या बाजारातून आणली होती ती. पेरूची. तू म्हणालीस जाड आहे. मी घरी जाऊन देवीला म्हटलं, बघ, चालली."

"मावशी, मी काय करू सांगा. मी काहीही—"

"काहीही नको करूस. तुझं काहीही मी आत्ताच बघितलं." तिनं सुरी उचलली, मोज्याला पुसली. "चौथ्या महिन्यात तो येईल. कुठेतरी समोर येईलच, गाव केवढं ते. तेव्हा तोंड फिरवू नकोस. आणि मुद्दाम हसूही नकोस. दयेनं बघशील तर मला कळेल, मी लांबून ओळखते ते. नेहमी करतेस तेवढंच कर. जमेल?"

"जमेल."

"बघू." ती शेडकडे वळली, आणि दारात शिरता शिरता तिनं आवाज चढवला, "सही झाली एकदाची! या देवळात हल्ली फुंकर घालायलासुद्धा सही लागते!" आत पुन्हा हसू उसळलं.

बाकीच्यांचं सांगायचं तर, आ-वाननं तौकेला न विचारता वीसेक घरांची दारं वाजवली, जिथे जिथे शेऱ्यात आरोग्य आणि शांतीपेक्षा काही जास्त होतं तिथे. शाळेतल्या बाईंनी दार उघडं धरून सगळं ऐकलं आणि ते लावून घेतलं. बर्फवाल्यानं तिला बायकोच्या देखत हसत हसत निरोप दिला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन टेबलावर मूठ आपटली. पण त्या आठवड्यात तो तपासणीला च्याईच्या इस्पितळात गेला, बायकोला घेऊन. आ-पेहांनी देवळाच्या दारावर स्वतः कुंचल्यानं लिहून कागद लावला, काय झालं, कितीजणांचं, किती दिवस, आणि खाली दोघांची नावं, स्वतःचं आणि आ-वानचं. तौकेची दोन देवळं गेली. तो आ-वानशी महिनाभर फक्त चिठ्ठ्या लिहून बोलला. पहिली चिठ्ठी अशी होती: 'माझ्या बायकोचं नाव काढ.'

शेऱ्याचा रकाना तिनं प्रोग्राममधून काढून टाकला. आ-पेह आता येणाऱ्याला म्हणतात, "मला नका सांगू. आत जाऊन तिलाच सांगा, मी इथे पत्ता लिहितो." आणि लोक आत जातात, पण आधी थोडं त्यांच्याजवळ बोलतातच. ते ऐकतात, हात मांडीवर ठेवून.

चौथ्या महिन्यात एका सकाळी आ-वान कोपऱ्यावरच्या न्याहारीच्या दुकानात गेली, तर आ-खुन तिथे स्टुलावर बसलेला. केस बारीक कापलेले, अंगात नवा शर्ट, घडीच्या रेघा अजून उमटलेल्या. दुकानवाली तळणीत पिठाच्या लांब कांड्या सोडत त्याला विचारत होती, "म्हणजे तिकडे पेरूला आता उन्हाळा का रे?"

"हो," आ-खुन म्हणाला. मग त्याला शंका आली. "म्हणजे... समुद्रावर तसं कळत नाही."

आ-वाननं किती दिवस घोकून ठेवलं होतं: मान हलवायची, सोयादूध मागायचं. तिनं मान हलवली. "एक सोयादूध, साखर कमी."

"आ-वान, तू शिकलेली. सांग गं, पेरूला उन्हाळा ना?"

आ-खुननं तिच्याकडे पाहिलं आणि लगेच ग्लासात पाहिलं.

"तिकडे सगळं उलट असतं," आ-वान म्हणाली. "आपला उन्हाळा येतो तेव्हा तिकडे थंडी लागते."

"थंडीच होती," आ-खुन म्हणाला. "निघताना चांगलीच होती."

"बघ, मी म्हटलंच," दुकानवाली म्हणाली. तिनं असं काहीच म्हटलं नव्हतं.

आ-वान पिशवी घेऊन स्कूटरपाशी आली, तर तो ग्लास हातात घेऊन मागोमाग बाहेर आला होता. तिच्याकडे न बघता, रस्त्याकडे बघत म्हणाला, "आईनं सांगितलं. तुम्ही वाचलंय म्हणाली."

"हो. मला माफ—"

"तुमच्याशी बोलताना पेरूला जायला नको, एवढं तरी झालं." त्यानं एक घोट घेतला. "दमायला होतं हो. काल एकानं विचारलं, माकुळ रात्री पकडतात की दिवसा."

"रात्री," आ-वान म्हणाली. "दिवे लावून. मी वाचलं होतं."

"मीही रात्रीच म्हटलं." मग त्यानं विचारलं, "तो दुसरा सापडला? प्रत नेणारा?"

"नाही."

"हं."

आ-वान चावी हातात धरून उभी राहिली. त्याचा ग्लास संपेपर्यंत थांबायचं की नाही, नेहमी ती काय करते, हेच तिला आठवेना.

"जा आता," आ-खुन ओठ न हलवता म्हणाला. "आई बघतेय."

रस्त्यापलीकडे, बंदराच्या गल्लीच्या तोंडाशी, कालवांची बादली हातात घेऊन आ-थाओ उभी होती. आ-वाननं तिलाही मान हलवली, नेहमीएवढीच, आणि स्कूटर चालू केली. ऑफिसच्या माडीचा जिना चढून वर जाईपर्यंत ती तीच मान मनातल्या मनात पुन्हा पुन्हा हलवून बघत होती, जरा जास्तच तर झाली नाही ना म्हणून.